पोटात पाणी असलेली लादी

बर्फाच्या कारखान्यात केस पांढरे होईपर्यंत मी नोकरी केली, आणि त्या सगळ्या वर्षांत गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं ते बहुतेक एकाच गोष्टीवरून. लादीच्या पोटात पाणी राहिलं म्हणून. लादी म्हणजे बर्फाचा तो लांबडा ठोकळा, गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून जाताना तुम्ही पाहिला असेल. लादी कच्ची राहिली की बाहेरून दगडासारखी दिसते, पण फोडली की आतून भळकन पाणी ओघळतं आणि सरबतवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, एका मार्च महिन्यात, खांद्याला पर्स आणि हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेतलेल्या एक बाई फाटकातून आत आल्या आणि म्हणाल्या, "मला पोटात पाणी असलेली लादी हवी आहे. जितकं जास्त पाणी तितकं बरं," तेव्हा माझी खात्रीच पटली की ह्या कुठल्या तरी सरकारी खात्यातून तपासणीला आल्यात.

"असली लादी आमच्यात निघतच नाही," मी सांगितलं.

"कधीच नाही?"

"माझ्या हातून तर नाहीच नाही."

नेमकं त्याच वेळी माझ्या मागं डब्यातून सुटलेली एक लादी फरशीवर आपटली, मधोमध फुटली आणि तिच्या पोटातलं पाणी वाहत येऊन बाईंच्या चपला भिजवून गेलं. मी डोळे मिटून घेतले. बाई मात्र जागच्या जागी उडी मारून ओरडल्या, "ही! अगदी हीच!"

त्या सरोज मॅडम. कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या. मी दस्तगीर, त्या कारखान्याचा फोरमन. आता कारखाना नाही. घरोघर फ्रीज आले, मासळीवाल्यांनी स्वतःची यंत्रं घातली, आणि एका वर्षी मालकांनी कंप्रेसर भंगारात घालून जागा विकली. पण त्या लादीची गोष्ट अजून लोक मला सांगायला लावतात, तर एकदा लिहूनच टाकावी म्हटलं.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं बर्फ वरून खाली गोठतो. आमच्याकडं तसं नाही. जमिनीत एक मोठी टाकी, तिच्यात मिठाचं पाणी. अमोनियाच्या नळ्या त्या पाण्याला शून्याच्या खाली नेतात, पण मिठामुळं ते स्वतः गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यांत साधं पाणी. मग बर्फ धरतो तो कडेनं आणि बुडातून, आत आत सरकत. सगळ्यात शेवटी गोठतं ते पोट. आणि पाण्यातला जो काही गाळ, क्षार, घाण असेल ती बर्फ आपल्यात घेत नाही, पोटाकडं ढकलत नेतो. म्हणून लादीच्या मधोमध ती पांढरी रेघ दिसते. चांगला फोरमन शेवटी नळी घालून ते गढूळ पाणी ओढून काढतो आणि तिथं स्वच्छ पाणी भरतो. मग लादी काचेसारखी निघते.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली होती. कोडोलीचा एक हॉटेलवाला एप्रिलच्या उन्हात एसटीच्या टपावर लादी टाकून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला, की वाटेत कुणीतरी अर्धी लादी चोरली. एक पैलवान गुडघा सुजला की येऊन लादीवर तासभर बसायचा आणि उठताना तिला नमस्कार करायचा. पण पोटातलं पाणी मागणारं गिऱ्हाईक म्हणजे मॅडमच.

"कशाला पाहिजे असली लादी?" मी विचारलं.

त्यांनी कात्रण माझ्यापुढं धरलं. गुरू ग्रहाला बरेच चंद्र आहेत, त्यातल्या युरोपा नावाच्या चंद्राचा फोटो. तिकडं गेलेल्या एका यानानं काढून पाठवलेला. सगळा चंद्र बर्फाचा, आणि त्यावर आडव्यातिडव्या तांबूस रेघा.

आता मला आकाशातलं काही कळत नाही. पण बर्फ कळतो. चष्मा वर सारून मी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"मॅडम, हा बर्फ फुटलाय. आणि फुटल्यावर खालचं पाणी वर येऊन परत गोठलंय. ही रेघ बघा, दोन्ही कडा उचलल्यात. आणि हे तुकडे जागचे हललेत. कापून जुळवले तर एकात एक बसतील. खाली ओलं असल्याशिवाय बर्फ असा सरकत नाही. ह्याच्या पोटात पाणी आहे."

मॅडम शेजारच्या गोणपाटांच्या ढिगावर बसल्याच. "दस्तगीरभाई, एवढंच म्हणायला तिकडच्या लोकांना यान पाठवावं लागलं!"

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी कंप्रेसरच्या धडधडाटात आम्ही दोघं ओरडून ओरडून बोलत होतो. त्यांनी सांगितलं की गुरू त्या चंद्राला ओढतो, सैल सोडतो, पुन्हा ओढतो, कणीक मळावी तसा, आणि त्या मळण्यानं तो आतून ऊब धरतो. शिवाय पाण्यात क्षार. मी टाकीचं लाकडी झाकण उचलून त्यांना आमचं मिठाचं पाणी दाखवलं. एवढ्या गारठ्यात ते डुचमळताना बघून त्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग खरी गोष्ट सांगितली. त्या चंद्रावर कधीतरी असं यंत्र पाठवायचं, जे बर्फ वितळवत वितळवत खालच्या समुद्रापर्यंत जाईल, असा विचार जगात चालू होता. मॅडमना तसलं यंत्र कोल्हापुरात करून बघायचं होतं. पुण्याच्या एका शास्त्रज्ञांना त्यांनी आराखडा पाठवला, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: कागदावर सगळंच वितळतं, बर्फात वितळवून दाखवा. एप्रिलमध्ये तेच गृहस्थ कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला येणार होते. एका दिवसासाठी.

"दाखवू की," मी म्हणून बसलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचे यजमान आले, जयसिंगराव. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप. त्यांनी पिशवीतून पितळेचं हातभर लांब, मुठीएवढं जाड, बंदुकीच्या गोळीसारखं नळकांडं काढून टेबलावर ठेवलं. नाकात हीटर, शेपटीला वायर.

"मी ऑइल इंजिनाचे पार्ट करणारा माणूस," ते मला म्हणाले. "लग्नात सासऱ्यानं सांगिटलं नव्हतं, पोरगी चंद्राचे पार्ट मागंल म्हणून. सुताराचं भोक पाडायचं हत्यार असतंय न्हवं, त्यावरनं ह्याचं नाव गिरमिट."

आमचे मालक बसवअण्णा निपाणीकडचे, आणि तिकडं गिरमिट म्हणजे भेळीसारखा खायचा पदार्थ. ते गल्ल्यावरून मान वर करून म्हणाले, "गिरमिट? चुरमुऱ्याचं? मग मिरची भजीबी सांगा की री."

सगळं असं हसतखेळत चाललं होतं, आणि मी माती खाल्ली.

त्या आठवड्यात आमच्या गाळणीचं फडकं फाटलं होतं. नळाला गढूळ पाणी येत होतं आणि ते तसंच डब्यांत जात होतं. असल्या लाद्या आम्ही पिण्याच्या कामाला देत नसू, मासळीच्या गाड्यांना देत असू. चाचणीला मॅडमना द्यायची लादी मी त्यातलीच काढली. म्हटलं, ह्यांना काय ती प्यायची आहे? वितळवायची तर आहे.

गिरमिट लादीवर उभं केलं, हीटर लावला. लोण्यात सुरी जावी तसं ते खाली निघालं. मॅडम घड्याळ बघून आकडे ओरडत होत्या, जयसिंगराव वायर सोडत होते. वीतभर गेलं. दोन विती गेलं. आणि थांबलं. वरचं पाणी गोठायला लागलं. जयसिंगरावांनी वीज वाढवली, तरी हलेना. मग जळका वास आला आणि हीटर खलास.

नाकाचा आकारच चुकला, असं मॅडम म्हणाल्या. आकार तुम्हीच काढून दिलाय, असं जयसिंगराव म्हणाले. तुम्ही घाईत कातला, असं मॅडम म्हणाल्या. दोघं माझ्यासमोर भांडत भांडत स्कूटरवर बसून गेले. फाटकाबाहेर गेल्यावरही आवाज येत होता. मी लादी फोडून बघितली. नाकाखाली बोटभर जाडीचा चिखल साठला होता. पोटात जमलेला गाळ. चिखल वितळत नाही. त्याच्याखालच्या बर्फाला ऊब पोचलीच नव्हती.

मला सगळं कळलं आणि मी गप्प बसलो. दोन दिवस. त्या दोन दिवसांत जयसिंगरावांनी ते नाक तीनदा नव्यानं कातलं.

तिसऱ्या दिवशी मी उद्यमनगरात गेलो. मॅडम कॉलेज सुटल्यावर तिथंच येऊन बसल्या होत्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, लेथच बोलत होता. मी म्हणालो, "नाकाचा दोष नाही. लादी घाण होती, आणि मला ते ठाऊक होतं. म्हणून हीटर गेला."

जयसिंगरावांनी लेथ बंद केला. "ठावं हुतं? आणि दोन दिवस मला बायकोच्या शिव्या खायला लावल्यासा?"

"व्हय."

मॅडमनी पर्स उचलून खांद्याला लावली. मला वाटलं, आता ह्या बाई आपलं तोंड बघणार नाहीत. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अहो, पण तिथला बर्फ तरी कुठं शुद्ध असणार आहे? त्या तांबूस रेघा काय आहेत? क्षार, धूळ, गाळच! स्वच्छ लादी दिली असतीत तर आपलं गिरमिट इथं सुरळीत गेलं असतं आणि तिथं जाऊन अडकलं असतं!"

त्यांनी मला माफ केलं, की माझा गुन्हा त्यांना आवडला, हे मला अजून कळलेलं नाही. पुढं काही वर्षांनी ते फोटो काढणारं यान शेवटी मुद्दाम गुरूतच बुडवलं, चुकून त्या चंद्रावर पडून तिथल्या पाण्यात आपल्या पृथ्वीची घाण जाऊ नये म्हणून. ती बातमी मॅडमनीच सांगितली. तेव्हा मला माझं फाटकं फडकं आठवलं. एवढ्या लांबच्या पाण्याची काळजी घेणारी माणसं आहेत, आणि मी हाताखालच्या पाण्याची घेतली नव्हती.

पण त्या दिवशी खंत करायला सवड नव्हती. मी म्हणालो, "लादीच्या पोटातलं गढूळ पाणी आम्ही नळीनं ओढून काढतो. गिरमिटालाही तशी नळी घाला. वितळलेलं पाणी वरून ओढायचं आणि नाकाच्या पुढं जोरात फवारायचं. गाळ बाजूला उडंल."

जयसिंगराव उठले, दारात एका गिऱ्हाइकाची मोटार उभी होती, तिच्या पुढच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप त्यांनी सोडवून आणला. "तो चार दिवस बाहेरगावी हाय," ते म्हणाले. मॅडम त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागल्या.

नवीन हीटर पुण्याहून मागवला. तोवर जयसिंगरावांनी खास डबा वेल्ड करून दिला, दोन डब्यांएवढा रुंद. अण्णांना मी सांगितलं की लग्नसराईत तीन दिवस टाकीतली दोन डब्यांची जागा अडणार. अण्णा म्हणाले, "दस्तगीर, तू येडा झालास." मग थोड्या वेळानं येऊन म्हणाले, "चंद्राचं काम म्हणतोस, तर कर."

डब्यात मी मीठ कालवलेलं पाणी भरलं. कडेनं बर्फ धरला की वरून बर्फाचा चुरा टाकायचा, पाणी शिंपडायचं, गोठू द्यायचं, परत चुरा. असं थरावर थर देत दीड हात जाडीचं झाकण बसवलं. मॅडमच्या सांगण्यावरून चुऱ्यात मूठ मूठ मातीही टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगून सवरून घाण लादी केली. पोट किती उरलंय हे लाकडी ठोकणीनं वाजवून ऐकायचं. भरीव बर्फ ठण्ण बोलतो, पोकळ लादी घुमते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, "ही लादी कॉलेजात न्यायची नाही. बाहेर ऊन लागलं की तडकंल."

"मग पुण्याच्या पाहुण्यांना इथं आणते," मॅडम म्हणाल्या.

सकाळी दहाला पाहुणे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. अमोनियाच्या वासानं त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि बूट घोटाभर पाण्यात. ते म्हणाले, "मला दुपारी निघायचं आहे. किती वेळ लागेल?"

"पाऊण तास," मॅडम म्हणाल्या.

गिरमिटाच्या नाकाशी दोन उघड्या तारा होत्या. खारट पाण्यात बुडाल्या की त्या जुळणार आणि वर टांगलेली घंटी वाजणार. ती घंटी जयसिंगरावांनी स्वतःच्या दाराची काढून आणली होती, बटण दाबलं की पाखरासारखी किलबिलणारी. हीटर चालू झाला. गिरमिट निघालं. पंप फवारत होता, मातीचं पाणी भोकातून वर उसळत होतं. एक वीत. दोन विती. मागच्या वेळी जिथं अडकलं ती खूण वायरवर आली आणि खाली निघून गेली. जयसिंगरावांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी लादीवरच आपटलो.

तेवढ्यात दारात आरडाओरडा झाला. हातकणंगल्याकडचे बाळगोंडा पाटील, त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचं लग्न. "धा लाद्या सांगिटल्या हुत्या, आठच दिल्याती! आणि ही उभी केलीया ती कुणासाठी? चढवा टेम्पोत!"

"ती खारट हाय," मी म्हणालो.

"आमच्या पावण्यांना चालतीया!"

"पाटील, पाच मिनटं थांबा..."

आणि लाईट गेली.

कंप्रेसर थांबला. इतक्या वर्षांत मी त्या जागेत एवढी शांतता ऐकली नव्हती. त्या शांततेत बारीक करकर ऐकू यायला लागली. गिरमिटाभोवतीचं पाणी गोठत होतं. मॅडमनी वायर हलवून बघितली. अजून ढिली होती. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "मग ते आतच राहणार." पाहुणे घड्याळाकडं बघत होते. जयसिंगराव वायर दोन्ही हातांत धरून उभे होते, आजाऱ्याची नाडी धरावी तसे.

पाटलांनी भोकात डोकावून विचारलं, "आत काय आडकलंय?"

मॅडमनी सांगितलं. गुरू, चंद्र, बर्फ, खाली समुद्र, सगळं एका दमात, डोळ्यांत पाणी आणून. पाटील ऐकत राहिले.

"म्हंजी आता लाईट पायजे?"

"हो."

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय! टेम्पोत मांडवाचा जनरेटर हाय की!"

चार माणसांनी तो जनरेटर उतरवला. जयसिंगरावांनी दातांनी वायर सोलून जोडणी केली, मी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो धुराचा लोट सोडून भडभडला, पाहुण्यांचा शर्ट काळा झाला. वायर जागची हलत नव्हती. आम्ही सगळे ती वायरच बघत होतो. ती बोटभर खाली गेली. मग आणखी बोटभर.

आता पाटील आकडे ओरडायला लागले. त्यांचे वाजंत्रीवालेही टेम्पोतून उतरून आत आले. पाहुणे बूट काढून लादीशी उकिडवे बसले आणि कान लावला.

मग वायर एकदम हातभर खाली सुटली. आतून बुडबुड आवाज आला आणि वर घंटी किलबिलली.

मॅडम किंचाळल्या. जयसिंगरावांनी सगळ्यांसमोर बायकोला उचललं. अण्णा गल्ला सोडून पळत आले. वाजंत्रीवाल्यांनी कुणी न सांगता ताशा धरला. पाटलांनी भोकातून वर आलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. "खारट हाय की ओ! समुद्रच हाय!"

पाहुण्यांनी माझा ओला हात धरला. "पोट इतकं नेमकं कसं राखलंत?"

"वाजवून, साहेब."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या हाताचं काय करावं, हे मला दिवसभर कळत नव्हतं.

पाटील काही आम्हाला सोडेनात. जनरेटर, लादी, गिरमिट, पाहुणे आणि आम्ही तिघं, सगळी वरात टेम्पोत बसून हातकणंगल्याकडं निघाली. पाहुण्यांची गाडी चुकली आणि त्यांनी तिचं नावही काढलं नाही. लादी मांडवात मठ्ठ्याच्या पिंपांमध्ये उभी केली. बायका वाकून वाकून भोकात बघत होत्या. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि पाटलांनी लाऊडस्पीकरचा माईक थेट पाहुण्यांच्या हातात दिला. "सांगा आमच्या माणसांना, काय झालं सकाळी."

पाहुण्यांनी सांगितलं. फार सुंदर सांगितलं. मांडव जेवायचा थांबला. तेव्हा पंगतीतून नवरीची थोरली आत्या मोठ्यानं म्हणाली, "त्या चंद्राच्या पाण्यात मासं हाईत व्हय?"

"माहीत नाही, आत्याबाई. अजून कुणीच जाऊन पाहिलेलं नाही."

आत्याबाईंनी पाहुण्यांकडं, मग मॅडमकडं, मग माझ्या भरल्या ताटाकडं बघितलं. "मग हितं जेवत काय बसलाईसा? जावा की बघायला!"

मांडव हसून लोळायला लागला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जिलबीचे हात पदराला पुसले, जयसिंगरावांकडं वळल्या आणि विचारलं, "अहो, ह्याहून लांब केबल कुठं मिळेल?"